कोणावर बळजबरी नव्हती

शास्त्रभाग : एस्तेर, अध्याय १ ला, ओव्या १ ते १२

एस्तेरचे पुस्तक आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसे वाचले जात नाही. ज्या पुस्तकात देवाचे नाव एकदाही आलेले नाही त्यावर उपदेश तो काय करावा, असे एका वृद्ध पंचांनी आम्हांस एकदा विचारलेही होते. तथापि गेल्या महिन्यात आम्हांस दूर देशाहून एक पत्र आले आणि ते वाचून होताच आम्ही हेच पुस्तक उघडले. पत्र म्हणजे भ्रमणध्वनीवर आलेला लांबलचक मजकूर. पण लिहिणारी आमच्या मंडळीतली लेक असल्यामुळे आम्ही त्यास पत्रच म्हणतो.

ही मुलगी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली, पुढे तालुक्याच्या गावी ब्यूटी पार्लरचे काम शिकली, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेली. तेथे ती एका दुकानात दोऱ्याने भुवया कोरण्याचे काम करते. कामाबद्दल तिची काही तक्रार नाही. परंतु दुकानाच्या मालकिणीने अलीकडे असा पाठ घालून दिला आहे की, गिऱ्हाईक खुर्चीवर बसले म्हणजे त्यास विचारावे, “द्राक्षारस घेणार का?” आणि हो म्हटल्यास पेला भरून द्यावा, त्याचे दाम घ्यावयाचे नाहीत. मुलीने आम्हांस विचारले आहे : “पाळकसाहेब, येथे हे कायद्याने चालते. मी पेला भरून द्यावा की नाही?”

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर लिहावयास आम्हांस तीन आठवडे लागले.

प्रथम तो कायदा काय आहे ते सांगितले पाहिजे. कारण ऐकीव गोष्टीवर उपदेश करणे हे खोट्या साक्षीच्या फार जवळ जाते. कॅलिफोर्नियात दारू विकावयाची वा पाजावयाची तर सरकारी परवाना लागतो. त्यास पूर्वीपासून दोन लहान अपवाद होते : भाड्याने फिरणाऱ्या आलिशान मोटारी, व उष्ण हवेचे ते प्रचंड फुगे, ज्यांत बसून हौशी लोक आकाशात फिरतात. यांतील उतारूंस परवान्यावाचून पेला देता येत असे. २०१६ मध्ये विधानसभेचे सभासद टॉम डेली यांनी आणलेल्या १३२२ क्रमांकाच्या विधेयकाने ह्या यादीत आणखी दोघांस बसविले, ते म्हणजे सौंदर्यालये आणि न्हाव्यांची दुकाने. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच वर्षी त्यावर सही केली. (हे गृहस्थ तरुणपणी धर्मसेवेची तयारी करण्यास जेझुइट मठात राहिले होते, हे वाचून आम्हांस थोडे नवल वाटले.) १ जानेवारी २०१७ पासून तो कायदा अमलात आहे. त्यात मर्यादा घातलेल्या आहेत : एका गिऱ्हाइकास बिअर असेल तर १२ औंस, द्राक्षारस असेल तर ६ औंस, त्याहून अधिक नाही, त्याबद्दल निराळा आकार घेता येत नाही, रात्री १० नंतर देता येत नाही, आणि दुकानाचा स्वतःचा धंद्याचा परवाना निर्दोष असला पाहिजे. २१ वर्षांखालील कोणासही देणे तेथे गुन्हा होता व आहे.

हा कायदा राक्षसी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, पुष्कळ दुकानांत ही चाल आधीपासून चोरून चाललीच होती. तिला मोजमाप व वेळ लावून दिली तर काय बिघडले? विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या घरात आजवर मद्य नव्हते अशा हजारो घरांचे दार एकदम उघडले, आणि परवानाच नाही तर तपासणारा कोण? पेले भरून देणाऱ्यास शिकविणार कोण? ह्या दुसऱ्या प्रश्नाला पुढे धार आली. त्या राज्याने नंतर मद्यगृहांत पेले वाढणाऱ्या नोकरांस रीतसर शिक्षण व परीक्षा बंधनकारक केली. पण ती परवानाधारकांच्या नोकरांस. आमच्या मुलीच्या दुकानास परवानाच लागत नाही, म्हणून तिला कोणी काही शिकविले नाही. गिऱ्हाईक झिंगले आहे हे कसे ओळखावे, त्यास नाही कसे म्हणावे, आणि ते आपली मोटार हाकीत घरी निघाले तर काय करावे, हे सगळे तिने आपल्या अकलेने ठरवावयाचे. एका हातात दोरा, दुसऱ्या हातात पेला.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, तो देशच तसा. असे म्हणू नये. त्याच देशात १८७४ साली ख्रिस्ती स्त्रियांनी मद्यपाननिषेधाची आपली संस्था उभारली. आमच्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये तेथे गेल्या तेव्हा त्या स्त्रियांचे काम पाहून त्यांस इतके समाधान वाटले की, १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्याविषयी मराठी वाचकांस आदराने सांगितले. परतीच्या वाटेवर त्या ह्याच कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहरी व्याख्याने देऊन मग जहाजात बसल्या. पुढे १९२० पासून १९३३ पर्यंत त्या सबंध देशात दारूबंदी होती. ती टिकली नाही, आणि चोरट्या दारूने त्या काळात काय अनर्थ केला हेही जगास ठाऊक आहे. आमचा स्वतःचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्यासदेखील परवाना लागतो, आणि कोणा न्हाव्याने दुकानात गिऱ्हाइकास फुकट पेला दिला तर तो गुन्हा ठरेल. एवढा कडक कायदा असून आमच्या किती वस्त्यांत हातभट्टी नाही, ते तुम्हीच सांगा. २७ जानेवारी २०२२ रोजी आमच्या राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून द्राक्षारस विकण्यास मान्यता दिली. द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे हित हे कारण सांगण्यात आले. गावोगावच्या विरोधामुळे ती गोष्ट तेव्हा रेंगाळली. तेव्हा समुद्रापलीकडे बोट दाखविण्याआधी आपले अंगण पाहावे हे बरे.

आता शास्त्राकडे वळू. अहश्वेरोश राजाने शूशन राजवाड्याच्या बागेत सात दिवस मेजवानी दिली. लहानथोर सर्वांस आमंत्रण होते. सोन्याचे पेले, तेही एकासारखा एक नाही. द्राक्षारस राजाच्या घरचा, हवा तितका, आणि अर्थातच फुकट. आठव्या ओवीत शास्त्रलेखक एक बारीक गोष्ट मुद्दाम नोंदून ठेवतो. ती अशी की, पिण्यासंबंधाने राजाने नियम करून दिला होता आणि त्या नियमाने कोणावरही बळजबरी नव्हती. ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे घ्यावे.

आमच्या आठवणीत ह्या ओवीवर आम्ही पूर्वी कधी थांबलो नव्हतो. ह्यावेळी थांबलो. हा नियम चांगलाच होता, हे प्रथम कबूल केले पाहिजे. आमच्या गावातील लग्नाच्या वरातीपेक्षा तो चांगला होता. तेथे “घे रे, आज नाही म्हणायचं नाही” असे म्हणून पोरासोरांच्या तोंडास बाटली लावतात आणि न पिणाऱ्यास बायकी म्हणून हिणवितात. अहश्वेरोशाच्या दरबारी तसे नव्हते. त्या मूर्तिपूजक राजाच्या नियमात आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आम्हांस बरेच साम्य दिसते. माप आहे, मर्यादा आहे, जबरदस्ती नाही.

परंतु पुढे वाचा. सातव्या दिवशी राजाचे मन द्राक्षारसाने रंगले. त्याने सात खोजांस पाठविले की, वश्ती राणीस मुकुट घालून आणा, म्हणजे लोकांस तिचे सौंदर्य दिसेल. पेल्याची बळजबरी नव्हती. राणीच्या रूपाची झाली. राणी येईना. मग राजाचा क्रोध भडकला, मंत्र्यांनी मसलत केली, वश्तीस पदच्युत करण्यात आले, आणि १२७ प्रांतांत पत्रे गेली की प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात धनी होऊन राहावे. बंधुभगिनींनो, ज्या मेजवानीचा आरंभ ‘कोणावर बळजबरी नाही’ ह्या नियमाने झाला तिचा शेवट साऱ्या राज्यातील सर्व स्त्रियांवर बळजबरी करणाऱ्या फर्मानाने झाला. पहिल्या नियमात दोष काय होता? आम्हांस तर शोधूनही सापडत नाही. नियम होता तसाच राहिला. पिणारा मात्र सातव्या दिवशी पहिल्या दिवसाचा राहिला नाही.

त्याच पुस्तकात दुसऱ्या अध्यायात सौंदर्यालयही आहे, हे किती जणांच्या ध्यानात आहे? राजापुढे जावयाच्या कुमारींस बारा महिने तयारी करावी लागे : सहा महिने गंधरसाचे तेल, सहा महिने सुगंधी द्रव्ये. आणि तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, यहूद्यांच्या नाशाचे फर्मान सुटल्यावर, राजा व हामान प्यावयास बसले आणि शूशन नगर गोंधळून गेले, असे वर्णन आहे. आत पेला, बाहेर रडारड. आमच्या बहिणींस हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

केस आणि द्राक्षारस यांचा संबंधही शास्त्रात आहे. गणनाच्या सहाव्या अध्यायात नाजीराचे व्रत सांगितले आहे : त्याने डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही व मद्य शिवावयाचे नाही. कोणी म्हणेल, मग न्हाव्याच्या दुकानी पेला ठेवणे म्हणजे व्रताची दोन्ही अंगे एकाच खुर्चीवर मोडणे होय. हा दृष्टांत ऐकावयास गोड आहे, पण आम्ही तो वापरणार नाही; कारण त्याच अध्यायात पुढे व्रताची मुदत संपल्यावर नाजीराने डोके मुंडावे व मग त्यास द्राक्षारस पिण्याची मोकळीक आहे, असे सांगितले आहे. शास्त्राचा अर्धा अध्याय वाचून दुसऱ्यावर दगड फेकू नये. तसेच हबक्कूक संदेष्ट्याने शेजाऱ्यास पाजणाऱ्यास धिक्कारले आहे हे खरे, पण तेथे पाजणाऱ्याचा हेतू शेजाऱ्याची लाज पाहण्याचा आहे. त्या मालकिणीचा तसा हेतू आहे असे समजण्यास आम्हांस काही आधार नाही. गिऱ्हाईक पुन्हा यावे, एवढाच तिचा हेतू.

आणि येथेच ‘फुकट’ ह्या शब्दाची झडती घेतली पाहिजे. दुकानदार काही फुकट देत नसतो. पेल्याची किंमत केस कापण्याच्या दरात कोठेतरी मुरलेली असते, आणि जी बाई पेला घेत नाही तीही ती भरते. पण आम्हांस त्याहून मोठी किंमत ठाऊक आहे. ह्या मुलीचा बाप आमच्याच मंडळीतला. जोडप्याने ऊसतोडीस जात असे. टोळीत संध्याकाळी अंग दुखू नये म्हणून मुकादमाकडून मिळणारा पेलाही फुकटच होता. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला तेव्हा तो सगळा उचलीत धरलेला निघाला, आणि उचल फिटेना म्हणून दुसरा हंगाम, मग तिसरा. पाच वर्षांत त्या धडधाकट माणसाचे यकृत गेले. त्याच्या मुखातून आम्ही ऐकलेले शेवटचे शब्द येथे लिहिणार नाही. ते त्याच्या बायकोस सांगितले आहेत. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीवर येणाऱ्या फुकट बाटल्यांविषयी तर काही लिहावयासच नको. त्यांचा हिशेब पाच वर्षे चालतो.

म्हणून ही मुलगी जेव्हा विचारते की, पेला भरून देऊ का, तेव्हा ती केवळ कायद्याचा प्रश्न विचारीत नसते. तिच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट हात असतो, पेला पुढे करणारा.

शरीराच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा दुकानांत बहुतेक स्त्रियाच जातात. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्यास निश्चित कर्करोगकारक पदार्थांत घातले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही माप नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेच्या सर्जन जनरलने निदान सात प्रकारच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध असल्याचा इशारा दिला. त्यांत स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग आहे. सहा औंस हे माप कायद्याने ठरविलेले आहे; शरीराने ते मान्य केलेले नाही. रूप उजळविण्यास आलेल्या बाईच्या हाती हे द्यावे, ह्यातील विसंगती ती मालकीण जाणत असती तर बरे झाले असते.

मग उत्तर काय? आमच्या मंडळीच्या पंचांपुढे, नाव न सांगता, आम्ही हा प्रश्न ठेवला. (नाव न सांगण्याचा काही उपयोग झाला नाही; खेड्यात तो कधीच होत नाही.) एका पंचांनी ताबडतोब म्हटले की तिने नोकरी सोडावी, उपाशी राहावे, पण सैतानाचा पेला भरू नये. दुसरे म्हणाले, पोटासाठी करते, तिच्यावर दोष नाही. आम्हांस दोन्ही उत्तरे घाईची वाटली. पहिले उत्तर देणाऱ्या पंचांच्या स्वतःच्या उसाची मळी कोठे जाते, हे विचारण्याचा मोह आम्हांस झाला होता. तो आम्ही आवरला, आणि आता येथे लिहून बसलो. त्यांनी क्षमा करावी.

त्या रात्री नहेम्याचे पुस्तक वाचताना आमच्या ध्यानात आले की, तोही त्याच शूशन राजवाड्यात होता आणि त्याचा धंदा काय होता? तो राजाचा प्यालेबरदार होता. परक्या राजास द्राक्षारसाचा पेला भरून देणे ही त्याची नोकरी, आणि त्याच नोकरीत असताना तो उपास करीत होता, यरुशलेमेच्या पडलेल्या भिंतींसाठी रडत होता. देवाने त्यास प्याला ठेवून दे असे सांगितल्याचे कोठे लिहिलेले नाही. मग आम्ही आमच्या लेकीस, पेला भरलास म्हणजे तू पापी झालीस, असे कोणत्या तोंडाने लिहावे? परंतु दुसरेही खरे आहे. नहेम्याचा चेहरा उतरलेला राजास दिसला, राजाने कारण विचारले, आणि नहेम्या फार भ्याला तरी त्याने खरे ते सांगितले. प्यालेबरदारास जीभ होती.

पौलाने रोमकरांस चौदाव्या अध्यायात जे शिकविले तेही आम्ही ताडून पाहिले. त्याचा प्रश्न मला मोकळीक आहे की नाही हा नाहीच. माझ्या मोकळिकीने कोण अडखळतो हा आहे. कायदा माझ्या हाताची मर्यादा सांगतो, समोर बसलेल्या बाईचा इतिहास सांगत नाही. त्या खुर्चीवर कदाचित अशी कोणी बसलेली असेल जिने सहा महिन्यांपूर्वी मद्य सोडले आहे, जी मद्यगृहाची गल्लीसुद्धा टाळून चालते, आणि केस कापण्याच्या जागी तरी आपणांस कोणी विचारणार नाही असे समजून निर्धास्त आली आहे. तिला “द्राक्षारस घेणार का?” असे हसतमुखाने विचारणे ही बळजबरी नव्हे. पण ते काय आहे, ते ज्याने सोडली आहे त्यास विचारा. आमच्या मंडळीत असे चौघे आहेत. ते ह्या वाटेने जात नाहीत, त्या वाटेने जातात, तेव्हा आम्ही कारण विचारीत नाही.

तेव्हा आम्ही तिला असे लिहिले : “बाळ, नोकरी एकदम सोडू नकोस. प्रथम मालकिणीशी एकांतात व नम्रतेने बोल. तुझ्या बापाची हकिकत सांगावीशी वाटली तर सांग. त्यात लाज नाही. पेला विचारण्याचे काम दुसरीकडे देता येईल का, किंवा निदान गिऱ्हाइकाने आपण होऊन मागितल्याखेरीज विचारू नये असे करता येईल का, ते पाहा. तिने मानले तर देवाचे आभार मान. नाही मानले आणि तुला काही दिवस तेथे राहणे प्राप्त झाले, तर मापापलीकडे एक थेंब देऊ नकोस, दुसरा पेला देऊ नकोस, वयाची शंका आली तर विचार, आणि जिने एकदा नाही म्हटले तिला पुन्हा विचारू नकोस. मोटार हाकणाऱ्यास थोडा वेळ बसवून चहा दे. आणि ह्या सगळ्याने तुझे मन रात्री झोपू देत नसेल, तर ते मन कायद्याहून मोठे समज व दुसरे दुकान शोध. राहिलीस तर आम्ही तुला पापी म्हणणार नाही. सोडलीस तर मूर्ख म्हणणार नाही. दोन्हींपैकी काही केलेस तरी आईस कळव, कारण ती आम्हांस रोज विचारते.”

हे पत्र पाठवून नऊ दिवस झाले. परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर तिची आई सगळे जाईपर्यंत दाराशी थांबली होती. “साहेब, पोरीचं काही आलं का?” आम्ही नाही म्हणालो. तिने पदराने खांब पुसला, जणू काही त्यासच थांबली होती, आणि म्हणाली, “मालकीण चहाला हो म्हणंल असं वाटतंय मला. पोरगी चहा चांगला करती.”